कुंडीतल्या झाडाला पाणी ओढू द्या

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाला पाच दिवस अकोल्याला गेले होते. जायच्या आधी गच्चीवर सगळी तयारी करून ठेवली होती, दोन फूट उंच लोखंडी स्टँडवर २०० लिटरचा निळा ड्रम काठोकाठ भरलेला, त्यात कूलरचा छोटा पंप सोडलेला, पंपाला टायमर, सकाळी सहाला पाच मिनिटं आणि संध्याकाळी सहाला पाच मिनिटं, पंपातून निघालेली काळी नळी खाली जमिनीवरच्या बारा ग्रो बॅगांवरून फिरवलेली आणि प्रत्येक बॅगेत एक ड्रिपर. आदल्या संध्याकाळी एकदा चालवून पाहिलं, सगळीकडे थेंब पडायला लागले, मन निर्धास्त झालं आणि मी खाली उतरले. पहाटेच्या गाडीने निघालोसुद्धा.

परत आले तर ड्रम कोरडा ठणठणीत, पंप जळलेला, आणि वांगी, टोमॅटो, भेंडी सगळ्यांनी माना टाकलेल्या. टोमॅटो तर गेलेच. वांग्याची चार झाडं छाटून कशीबशी वाचली. नागपूरचा मे म्हणजे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास आणि त्यात चार दिवस थेंबभर पाणी नाही.

काय झालं ते कळायला मला दोन दिवस लागले. नळी फुटली नव्हती, टायमर बिघडला नव्हता. झालं होतं ते सायफन. आमचे बाबा स्कूटरच्या टाकीत नळी घालून तोंडाने एकदा ओढायचे आणि मग पेट्रोल आपोआप खालच्या डब्यात पडत राहायचं, अगदी तेच. पंपाने पाच मिनिटं पाणी ढकललं, नळी पूर्ण भरली, पंप बंद झाला, पण नळीची तोंडं ड्रमच्या तळापेक्षाही खाली होती, म्हणून खालच्या बाजूचा पाण्याचा लांब स्तंभ वरच्या पाण्याला ओढतच राहिला. बारा ड्रिपर रात्रभर चालू. नंतर कागदावर हिशेब मांडला तर सतरा-अठरा तासांत ड्रम रिकामा व्हायला हवा, म्हणजे आम्ही लग्नघरी दुपारचं जेवत होतो तेव्हा इथे पाणी संपलेलं होतं. प्रत्येक बॅगेला सोळा-सतरा लिटर पाणी मिळालं, त्यातलं बहुतेक खालच्या भोकातून गच्चीच्या मोरीत गेलं, आणि पुढचे चार दिवस शून्य.

उपाय इतका साधा की वाईट वाटतं. नळी ड्रमच्या तोंडाशी जिथे सगळ्यात उंच असते तिथे, ड्रमच्या आतल्या बाजूला पण पाण्याच्या पातळीच्या वर, सुईने एक भोक पाडायचं. पंप चालू असताना त्यातून थोडं पाणी पिचकारीसारखं परत ड्रममध्येच पडतं, आणि पंप बंद झाला की त्याच भोकातून नळीत हवा शिरते आणि सायफन तुटतो. किंवा मग ड्रमच खाली ठेवा आणि कुंड्या वर. टायमर आणि पंप लावणाऱ्या प्रत्येकाने हे भोक पाडलं पाहिजे, आणि नुसतं पाणी सुरू झालेलं बघून खाली येऊ नका, ते बंद झालेलं बघून या.

पण त्या उन्हाळ्यानंतर मला खरं कोडं वेगळंच पडलं. समजा सायफन झाला नसता आणि टायमर पाचही दिवस घड्याळासारखा चालला असता, तरी पाच मिनिटं हा आकडा मी आणला कुठून? अंदाजाने. झाडाला किती लागतं हे मी ठरवलं, झाडाला न विचारता. गेली दोन वर्षं हेच समजून घेण्यात गेली, आणि आता माझं मत पक्कं झालंय की ऑटोमॅटिक पाणी देण्याच्या जेवढ्या म्हणून पद्धती आहेत त्यांच्या दोनच जाती आहेत. एक, पाणी ढकलणाऱ्या, आणि दुसऱ्या, ज्यात माती आणि झाड मिळून पाणी ओढून घेतात. घरच्या भाज्यांसाठी जमेल तिथे ओढणाऱ्याच वापराव्यात.

ते का, हे समजायला आधी आपल्या शेतकऱ्यांचा एक शब्द घेऊ, वाफसा. मातीत ओल पण आहे आणि हवा पण आहे, मूठ आवळली तर गोळा होतो पण हाताला चिखल लागत नाही, ती अवस्था. मुळं पाणी पितात तशी श्वासही घेतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, २५ अंशाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. त्यात पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेच्या मानाने साधारण दहा हजार पट सावकाश. म्हणजे पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून जास्त पाणी झालेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आपण अजून ओततो, आणि मग मूळकूज. कुंडीतली झाडं कोरडी पडून जितकी मरतात त्यापेक्षा या मायेनेच जास्त मरत असावीत असं मला आजूबाजूच्या गच्च्या बघून वाटतं.

कुंडीत हे शेतापेक्षा अवघड का होतं त्याचा एक प्रयोग घरी करून बघा. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि आडवा, सपाट धरा. पाणी गळेल, गळेल आणि थांबेल. आता काही न पिळता तोच स्पंज उभा करा. परत पाणी गळायला लागतं! स्पंजाच्या बारीक छिद्रांत तळाशी ठराविक उंचीपर्यंत पाणी अडकून राहतं, गुरुत्वाकर्षणाला ते खाली खेचता येत नाही. स्पंज आडवा असताना त्या उंचीत जवळपास सगळा स्पंज येतो, उभा केला की तेवढ्याच उंचीत फक्त खालचा भाग. कुंडीतल्या मातीचं तसंच असतं, खाली भोक असलं तरी तळाचा एक थर चिंब राहतोच, आणि त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ ट्रेमध्ये सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावला तर निम्मी माती त्या चिंब थरातच जाते. आणि तळाशी विटांचे तुकडे, गिट्टी घालतात ना निचरा व्हावा म्हणून, त्याने हा थर नाहीसा होत नाही, गिट्टीच्या वर सरकून बसतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे, तो माती वाहून जाऊ नये म्हणून. खरा उपाय म्हणजे माती भुसभुशीत ठेवणं, कोकोपीट, कंपोस्ट, उसाची चिपाडं, भाताचा तूस, जे मिळेल ते मिसळून.

आता झाड किती पाणी पितं ते. मी प्रवासाचं सामान मोजायचा हूकवाला डिजिटल काटा घेतला आणि वांग्याची १२ इंची बॅग दोरीने बांधून लटकवून मोजायला लागले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दिवसभरात जेवढं वजन कमी तेवढं पाणी उडालं. मे महिन्यात सकाळी पाणी घालून निथळल्यावर बॅग भरली १५.४ किलो, संध्याकाळी १३.७. एका झाडाने एका दिवसात १.७ लिटर! आणि तेच झाड ऑगस्टमधल्या झडीत, आभाळ भरलेलं असताना, दिवसाला पाव लिटरही पीत नव्हतं. एकच झाड, एकच बॅग आणि मागणीत सात पट फरक. टायमरला यातलं काहीच माहीत नसतं, त्याच्यासाठी मे काय आणि ऑगस्ट काय, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं.

हे पाणी जातं कुठे? झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन उडून जातं, स्वतःच्या वाढीसाठी फारच थोडं वापरतं. म्हणजे पाणी ओढायची मोटर वर आहे, पानात, आणि तिला वीज पुरवते ती कोरडी हवा. हवेला किती तहान लागलीय ते मोजता येतं. ४५ अंशाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते तिचा दाब साधारण ९.६ किलोपास्कल असतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्के धरली तर हवेत वाफ आहे फक्त १.९, म्हणजे तूट ७.७ ची. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर तूट येते जेमतेम दीड. पाच पट फरक. आमच्याकडे खसचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईत त्याच कूलरने नुसतं चिकचिकतं, त्याचं कारण हीच तूट, आणि मुंबईच्या मावशीने दिलेलं "दिवसाआड पाणी घाल" हे वेळापत्रक इथे का चालत नाही त्याचंही कारण हेच. (दुपारी झाड छिद्रं मिटून घेतं, त्यामुळे खर्च अगदी पाच पट वाढत नाही, पण मिटलेल्या छिद्रांनी झाडाचं जेवणही थांबतं. म्हणून इथे ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट एप्रिलच्या सुरुवातीलाच बांधावी, पाण्याची अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.)

अंदाजासाठी एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा, पाण्याची गरज कुंडीच्या मापावरून ठरत नाही, झाडाचा विस्तार किती आणि ऊन किती त्यावरून ठरते. आठ इंची कुंडीत दोन फूट पसरलेलं टोमॅटोचं झाड असेल तर त्याला मोठ्या झाडाएवढंच पाणी हवं असतं, फक्त साठवायला जागा लहान, म्हणून ते दुपारपर्यंतच रिकामं होतं.

आणि पाणी कमी-जास्त झालं की भाजी ते बोलून दाखवते. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो ना, बरेच जण त्यावर बुरशीनाशक मारतात. ती बुरशी नसते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं, पानं जास्त पाणी उडवतात म्हणून त्यांना पहिला वाटा मिळतो, फळ मागे राहतं, आणि मध्येच पाणी तुटलं की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचतच नाही. मातीत अंड्याची टरफलं कितीही घाला, पाण्यात खंड असेल तर डाग येणारच. बरेच दिवस कोरडं ठेवून एकदम भडाभडा पाणी दिलं की टोमॅटो तडकतात, आणि पाण्याच्या ताणात वाढलेली काकडी कडू निघू शकते. म्हणून एकूण किती दिलं यापेक्षा एकसारखं दिलं का, हे भाजीला जास्त महत्त्वाचं.

एकसारखं कसं द्यायचं? समईकडे बघा. तेल खाली, ज्योत वर, मध्ये वात. कुणी पंप लावलेला नाही. ज्योत जेवढं तेल जाळते तेवढंच वातीतून वर येतं, ज्योत विझली की तेल चढायचं थांबतं. वात हीच झाडांना पाणी द्यायची सगळ्यात साधी ऑटोमॅटिक व्यवस्था आहे. द्रवाचे कण धाग्याला चिकटतात आणि एकमेकांनाही धरून ठेवतात, त्यामुळे बारीक फटीतून ते वर चढतात, ही केशाकर्षणाची करामत. फट जितकी बारीक तितकं उंच. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटर. पण फार बारीक फटीतून पाणी उंच चढलं तरी सावकाश चढतं, म्हणून पाण्याची पातळी आणि कुंडीचा तळ यात चार बोटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये.

वात कशाची करायची यावर मी बरेच प्रयोग केले. सुती वात आणि पायजम्याची सुती नाडी पहिले काही दिवस छान चालते आणि मग ओल्या मातीत कुजून तुटते. विणकामाची ॲक्रिलिक लोकर चार-पाच पदरी वळून घेतली तर कुजत नाही आणि पाणी चांगलं ओढते. नायलॉनची दोरी चालते, पण नव्या दोरीला कारखान्यातलं तेलकट काहीतरी असतं, ती साबणाच्या गरम पाण्यात धुवून घ्यायची. लावायच्या आधी चाचणी करा, ग्लासात कुंकवाचं रंगीत पाणी, त्यात वातीचं एक टोक, दुसरं टोक वर बांधायचं आणि तासाभराने रंग कुठवर चढलाय ते पट्टीने मोजायचं. जी वात तासात १५ सेंटिमीटर चढली नाही ती मी घेत नाही. आणि पहिल्यांदा वात आणि माती दोन्ही ओली करूनच सुरुवात करायची, कारण पूर्ण सुकलेलं कोकोपीट पाणी झिडकारतं. वरून ओतलेलं पाणी मातीच्या आणि कुंडीच्या मधल्या फटीतून सरळ खाली जातं आणि आत गड्डा कोरडाच, हे तुम्ही पाहिलं असेलच. असं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात बसवा.

एका वातीवर मिरची, पालक, पुदिना, मेथी आरामात निघते, पण मे मधल्या वांग्याला १.७ लिटर एका वातीने पुरत नाही. त्यासाठी मी बादलीत बादली केली. रंगाच्या २० लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या. खालच्या बादलीत चार इंची पीव्हीसी पाईपचे तीन तुकडे उभे ठेवले, त्यांच्यावर वरची बादली टेकते, त्यामुळे खाली पाण्यासाठी जागा राहते. वरच्या बादलीच्या तळाला मधोमध मोठं भोक, त्यात भोकं पाडलेला दह्याचा प्लास्टिकचा डबा बसवलेला, तो खाली पाण्यात बुडतो. त्या डब्यात माती गच्च दाबून भरायची, हाच मातीचा पाय, आणि तीच वात. बाकी तळाला बारीक बारीक भोकं हवेसाठी. पाणी भरायला एक उभी नळी कडेने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालच्या बादलीला बाहेरून एक भोक, वरच्या तळापेक्षा दोन बोटं खाली. पाणी जास्त झालं किंवा पाऊस पडला तर तिथून वाहून जातं आणि पाणी व माती यांच्यात हवेचा पट्टा कायम राहतो. हे भोक विसरलात तर पहिल्या मोठ्या पावसात झाड गुदमरेल. एकदा भरली की माझी बादली मे महिन्यात अडीच दिवस जाते, थंडीत आठवडाभर.

याच जातीची जुनी पद्धत म्हणजे मडका सिंचन. भाजलेल्या पण न रंगवलेल्या मातीचं मडकं झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाण्याने भरून झाकायचं. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणातही ही युक्ती आहे. माठाच्या ज्या छिद्रांतून पाणी पाझरून माठ गार होतो त्याच छिद्रांतून इथे पाणी मातीत जातं. बाहेरची माती कोरडी असली की ती शोषून घेते, ओली असली की ओढ कमी होते आणि पाझर मंदावतो. कुंडीत मोठं मडकं मावत नाही, पण संक्रांतीनंतर प्रत्येक घरात सुगडं उरलेली असतात ना, ती यासाठी अगदी नेमकी मापाची! रंग न लावलेलं सुगड घ्यायचं, आधी पाणी भरून तासभर ठेवायचं आणि बाहेरून दमट होतंय का बघायचं, झालं तर कुंडीच्या मधोमध पुरायचं, तोंडावर पणती उपडी घालायची. पालकाच्या कुंडीत मी दोन सुगडं लावली आहेत आणि काढून बघितलं तेव्हा पांढऱ्या मुळांनी त्यांना जाळीसारखं वेढून टाकलं होतं, तासभर बघत बसले होते मी.

या पद्धतींचा एक खरा दोष आहे तो सांगितला पाहिजे. पाणी खालून वर येतं, वर उडून जातं आणि त्यातले क्षार वरच राहतात. दोन-तीन महिन्यांत मातीवर पांढरी पुटी दिसायला लागते, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या जमिनी क्षारपड झाल्या त्याच्या मागे हेच आहे, पाणी जास्त झालं, निचरा नाही, जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली आणि केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागावर येऊन साचले. आपल्या बादलीत ते दोन-तीन महिन्यांतच घडू शकतं. म्हणून महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून माती धुवून काढायची, खालून निघालेलं पाणी टाकून द्यायचं. सुगडाची छिद्रंही याच क्षारांनी बुजतात, जुना माठ पाणी गार करेनासा होतो तसं, म्हणून दर वर्षी नवी सुगडं. संक्रांत दर वर्षी येतेच.

ढकलणाऱ्या पद्धती टाकून द्या असं मी म्हणत नाही, चाळीस कुंड्या असतील तर बादल्या भरून कंबर जाईल. पण त्यांचं गणित समजून घ्या. पिंडीवरची गळती आपण सगळ्यांनी पाहिलीय, थेंब थेंब, एकसारखी. तेच काम सलाईनच्या नळीने करता येतं, औषधाच्या दुकानात नवी मिळते, वापरलेली आणू नका. या नळ्यांवर साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर असं लिहिलेलं असतं. म्हणजे मिनिटाला १० थेंब ठेवले तर तासाला ३० मिलिलिटर, दिवसाला ७२० मिलिलिटर. बाटली जितकी उंच टांगाल तितकी गती स्थिर, कारण बाटलीतली पातळी दहा सेंटिमीटर उतरली तरी एकूण उंचीच्या मानाने ते किरकोळ असतं. आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे, दुपारी हे थेंब आपोआप जोरात पडतात. पाणी तापलं की पातळ होतं, २० अंशाच्या मानाने ४० अंशाच्या पाण्याचा चिकटपणा सुमारे एक तृतीयांश कमी असतो, म्हणून चिमटलेल्या अरुंद वाटेतून ते जवळपास दीड पट वाहतं. सकाळी गार पाण्यावर थेंब मोजून निघून गेलात तर दुपारचा हिशेब वेगळा असणार. पाण्याची बाटली उलटी करून मातीत खोचतात ती मात्र भरवशाची नाही, भुसभुशीत मातीत ती तासात रिकामी होते, आणि उन्हात आतली हवा फुगून पाणी बाहेर ढकलते.

शेतातले ड्रिपर गच्चीवर फसतात त्याचंही कारण आहे. १९६५ साली इस्राएलमधल्या हत्झेरिम किबुत्झने (किबुत्झ म्हणजे सामूहिक शेती करणारी वसाहत) सिम्खा ब्लास या अभियंत्याच्या ठिबकवर नेताफिम कंपनी काढली, पुढे आपल्या जळगावात ठिबकचा मोठा उद्योग उभा राहिला, पण हे सगळं शेतासाठी, जिथे पंपाचा दाब असतो. "ताशी ४ लिटर" असं ड्रिपरवर लिहिलेलं असतं ते साधारण १० मीटर पाण्याच्या दाबाला. तुमची टाकी कुंडीपेक्षा एकच मीटर उंच असेल तर दाब दहावा हिस्सा, आणि साध्या ड्रिपरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून ४ चे होतात सव्वा. दाब नियंत्रित करणारे महागडे ड्रिपर तर एवढ्या कमी दाबाला नीट चालतच नाहीत. टायमर घेतानाही हे विचारा, काही टायमरच्या आतली झडप उघडायलाच नळाला चांगला दाब लागतो, गच्चीवरच्या ड्रमला बॉल व्हॉल्व्हवाला टायमर घ्यावा. नळीच्या शेवटच्या कुंडीला कमी पाणी मिळत असेल तर नळीचं शेवटचं टोक परत सुरुवातीला जोडून रिंग करा, दोन्हीकडून पाणी येतं आणि फरक बराच कमी होतो. काळ्या नळीत दुपारी साठलेलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं, म्हणून ती पालापाचोळ्याखाली झाका आणि पाण्याची वेळ पहाटेची ठेवा.

सेन्सरबद्दल पुतण्याने मला शिकवलं. त्याने आधी दोन खिळ्यांसारखा, मातीतून वीज जाते का बघणारा स्वस्तातला सेन्सर आणला, तो महिन्याभरात गंजून गेला, कारण ओल्या मातीतून सतत करंट गेला की धातू झिजतो. "काकू, तो खोटंच बोलत होता पंधरा दिवस," म्हणाला. मग कपॅसिटिव्ह आणला. त्याचं तत्त्व छान आहे. डायइलेक्ट्रिक आकडा म्हणजे एखादा पदार्थ विद्युत क्षेत्रात किती वीज साठवू देतो त्याचं माप, पाण्याचा हा आकडा ८० च्या जवळ, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १, त्यामुळे मातीत जरा पाणी वाढलं की आकडा लगेच हलतो, धातू उघडा नसल्याने गंजतही नाही. असा सेन्सर म्हणजे ढकलणाऱ्या पंपाला कान देणं. पण प्रत्येक सेन्सर आधी कोरड्या मातीत आणि चिंब मातीत ठेवून त्याचे दोन टोकाचे आकडे लिहून घ्यावे लागतात, आणि तो मुळांच्या खोलीवर खोचावा लागतो, वरवर नाही. पंप सुरू व्हायचा आकडा आणि बंद व्हायचा आकडा यात अंतर ठेवा, नाहीतर पंप दर मिनिटाला चालू-बंद होत राहतो. आणि एक अट प्रोग्राममध्ये घालाच, पंप कधीही सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त चालायचा नाही. आमच्याकडे माकडाने सेन्सर उपटून फेकला होता, सेन्सर म्हणत होता सगळं कोरडं आणि ती अट नसती तर ड्रम पुन्हा रिकामा झाला असता.

गच्चीवर २३० व्होल्टची वायर पाण्याजवळ नेऊ नका, अडॅप्टर खाली घरात ठेवून १२ व्होल्ट वर न्या. आणि पाणी साठवलेलं प्रत्येक भांडं झाका, भरायच्या नळीच्या तोंडालाही जाळीचं कापड बांधा, डेंग्यूच्या डासाला आठ-दहा दिवसांचं साचलेलं पाणी पुरतं. पारदर्शक बाटलीत शेवाळ येतं, काळा रंग द्या.

या वर्षी परत मे महिन्यात चार दिवस बाहेर जायचंय. वांगी आणि टोमॅटो बादल्यांवर आहेत, त्यांना चार दिवस पुरावं म्हणून प्रत्येक बादलीच्या शेजारी एक बंद कॅन नळीने जोडलाय. पालेभाज्यांना वाती आणि सुगडं. भेंडीच्या सहा बॅगा मात्र अजून पंपावरच आहेत, त्यात भोक पाडलेली नळी, सेन्सर, पाच मिनिटांची अट. गेला आठवडाभर मी घरातच असून झारीला हात लावलेला नाही, रोज संध्याकाळी एक वातवाली बॅग आणि एक पंपवाली बॅग काट्यावर टांगते. काल ४४ अंश होते. वातवाली सकाळपेक्षा फक्त दोनशे ग्रॅमने हलकी भरली, पंपवाली नऊशे ग्रॅमने. आज पंपाची वेळ सकाळ-संध्याकाळ दोनदाच्या ऐवजी तीन-तीन मिनिटांची चारदा केलीय, उद्या परत मोजेन.